दारी आलेला धर्म

यंदाच्या हळदीच्या दिवसांतली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यात आमच्या घरापुढं ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि आई ओट्यावर बसून शेळ्या-कोंबड्या हाकत होती. दुपारी दोनच्या सुमाराला मोटारसायकलवरून दोन पोरं आली. पाठीवर पिशव्या, अंगात इस्त्रीचे शर्ट, बोलणं मऊ. "आजी, देवाबद्दल दोन शब्द बोलायचे होते," एक जण म्हणाला. आई काही न बोलता उठली, आत गेली आणि सुपात दोन ओंजळी ज्वारी घेऊन बाहेर आली.

पोरं गडबडली. "नाही आजी, आम्ही काही घेत नाही. आम्ही द्यायला आलो आहोत." त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं, फुकट. मग वही काढली. नाव, गाव, घरात माणसं किती, मोबाइल नंबर. आई सूप धरून तशीच उभी. लग्न होऊन या घरात आली त्याला साठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत देवाचं नाव घेऊन दारात आलेला माणूस रिकाम्या झोळीनं परत पाठवायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. झोळीच नसलेल्या माणसाचं काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. दारोदार फिरून धर्म सांगणाऱ्यांबद्दल आपल्याकडं बोलणं निघालं की ते थेट धर्मांतरावर, कायद्यावर आणि परदेशी पैशावर जातं. ते प्रश्न आहेतच. पण त्याआधी उंबऱ्यापाशी काय घडतं, कोण काय मागतं, कोण काय देतं, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, हे पाहिलं नाही तर बाकीचं काहीच नीट कळत नाही, असं मला वाटतं.

आईच्या दारात कोण कोण येऊन गेलं, त्याची यादी तिच्या तोंडून ऐकावी. अंधार असतानाच झाडावर बसून गावातल्या माणसांची नावं घेणारा पांगुळ. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. कोरडे ओढणारा पोतराज, गुबुगुबु करत येणारा नंदीबैलवाला, भगव्या कफनीतला नाथपंथी गोसावी, ऊद फिरवून लेकराच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा ठेवणारा फकीर, घंटा वाजवत येणारा जंगम, काळ्या वस्त्रातला महानुभाव साधू. यांतला प्रत्येक जण काहीतरी घेऊन गेला. कुणी पसाभर धान्य, कुणी भाकर, कुणी जुनं लुगडं. बदल्यात आशीर्वाद, गाणं, भविष्य, नाहीतर नुसतंच पूर्वजांचं नाव. फकिराला धान्य घालताना आई त्याचा धर्म विचारत नसे आणि फकीरही तिचा विचारत नसे. देणाऱ्याचा हात वर असायचा. दारात आलेला कितीही मोठा साधू असला तरी त्या घडीपुरता तो मागणारा आणि घरची बाई देणारी. घरात जिला कुणी विचारत नसे अशा बाईलाही उंबऱ्यावर हा मान मिळायचा. सुपातलं धान्य कमी की जास्त, ते तिच्या मनावर.

मात्र हे मागणं अगदी भोळं होतं असंही समजू नये. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या मराठवाड्यातलंच, आता जालना जिल्ह्यात. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक अख्खा समास आहे. भिक्षेच्या निमित्तानं गाव कळतं, माणसं कळतात, आपला माणूस कोण होऊ शकतो ते चाचपता येतं, असा त्याचा रोख आहे. म्हणजे झोळी हे संघटनेचंही साधन होतं. त्याच्या चारशे वर्षं आधी महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी आपल्या शिष्यांना ओळखीची गावं सोडायला, भिक्षेवर राहायला, आवडीचं घर धरून न बसायला सांगितलं. लीळाचरित्रातल्या कितीतरी लीळा कुणाच्या तरी दारात, ओसरीत, अंगणात घडतात. हेच महानुभाव पुढं पंजाबच्याही पलीकडं पोचले, तिथं त्यांना जयकृष्णी म्हणू लागले. आणि आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव! औंढ्याला विसोबा खेचरांकडून त्यांना बोध झाला असं परंपरा सांगते. तिथून हा माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला. त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्याच्या दारात जाऊन देव सांगणारा पहिला मोठा मराठी माणूस आमच्या शेजारचा. "बाहेरून येऊन धर्म सांगणारे" म्हणून कुणी सरसकट नाक मुरडतं, तेव्हा मला घुमानच्या त्या पहिल्या घराची आठवण येते, ज्यानं या हिंगोलीकडच्या शिंप्याला बसायला घोंगडी टाकली असेल.

मागणारा जाऊन देणारा आला, तो इंग्रजी अमलात. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात होते, जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं. यांच्या हातात झोळी नव्हती, छापील पत्रकं होती. आपल्याकडं छापलेला कागद माणसाच्या घरात पहिल्यांदा शिरला तो बहुधा असाच, फुकट आणि देवाच्या नावानं. १८४२ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक याच मंडळींचं.

मराठी समाजानं त्याला पहिलं उत्तर वादानं दिलं, आणि ही आपल्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये विल्सनसाहेबांशी वाद घातला आणि त्यावर 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक काढलं. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांपुढं उभे राहिले. दोन्ही बाजूंचे लोक वाळूत बसून ऐकत होते. त्याच वर्षी उत्तरेत बंड पेटलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या शांत सभांचं मोल कळतं.

पण सगळं असं वादाच्या मैदानात मिटलं नाही. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. त्याच्यापाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं गेला. पोर अजून अजाण. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं मुलगा बापाच्या हवाली केला. खरी परीक्षा त्यानंतर लागली. परत आलेल्या पोराला जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. ब्रह्मवृंदातल्या पुष्कळांनी त्याला विरोध केला, जांभेकरांनाच त्रास दिला. आपलं पोर नेलं म्हणून ओरडणारा समाज आपलंच पोर परत आल्यावर दार लावून बसला. बाहेरून आलेल्या प्रचारकाला जेवढा दोष दिला जातो त्यातला मोठा वाटा या लावलेल्या दाराचा आहे, हे मी मनापासून लिहितो.

हेच नारायण शेषाद्री पुढं निजामी मुलखात जालन्याला आले. मांग-महारांच्या वस्त्यांत फिरले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वस्तीचं एक मूळ तिथं आहे. एक ब्राह्मण माणूस महारवाड्यात, मांगवाड्यात जातो, खाटेवर बसतो आणि तिथलं पाणी पितो. त्या काळात ते पाणी कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठ्यानं बोललं असणार. गावातल्या सवर्ण घरांत कीर्तनकार येत होते, भागवताचे सप्ताह होत होते. वेशीबाहेरच्या दारात धर्म सांगायला कोण जात होतं? मागायलासुद्धा बहुतेक जण जात नव्हते, कारण तिथलं धान्य चालत नव्हतं. जिथं भिक्षेकरीही थांबत नाही अशा दारात कुणीतरी येऊन बसलं, नाव विचारलं, लेकराला अक्षर दाखवलं. त्याला आमिष म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

पाण्याचा हा प्रश्न उलट्या बाजूनंही दिसतो. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो दारात नव्हे, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्याकडं राहायला आल्यावरही कितीतरी दिवस सोवळ्यानं, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. नवऱ्याचा नवा धर्म आपल्या पाण्याच्या भांड्याला शिवू नये म्हणून एका बाईनं केलेली ती धडपड, आणि एक दिवस ते सगळं आतूनच गळून पडणं, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जसं आलं आहे तसं धर्मांतरावरच्या कुठल्याही अहवालात येणार नाही. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. कुणी हात धरून ओढलं असतं तर बहुधा कधीच घेतला नसता.

त्या काळातल्या बायबल बायांचंही काम लिहायला हवं. गोऱ्या मेमसाहेबांबरोबर किंवा एकट्यानं वाड्यावाड्यांत जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती बाया. आत, माजघरात, जिथं परका पुरुष जाऊ शकत नव्हता तिथं त्या वाचायला, विणायला शिकवत आणि येशूची गोष्ट सांगत. गोष्ट ऐकणाऱ्या बहुतेक जणी ख्रिस्ती झाल्या नाहीत. वाचायला मात्र शिकल्या.

आमच्या भागाचं एक वेगळेपण आहे. सेनगाव तालुक्याची शीव ओलांडली की वाशीम जिल्हा. १९४८ पूर्वी ही शीव दोन राज्यांची होती. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार, आणि अलीकडं निजाम. निजामी राज्यात सभा, प्रवचन, मिरवणूक सगळ्यांवर परवानगीचा फास होता. आर्य समाजाचे उपदेशक गावोगाव फिरायचे, हवन करायचे, व्याख्यानं द्यायचे आणि पोलीस पाटलाच्या चोपडीत त्यांची नोंद व्हायची. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले. १९३९ मध्ये आर्य समाजानं केलेला सत्याग्रह मुख्यतः धर्मप्रचाराच्या मोकळीकीसाठी होता. देशभरातून हजारो लोक त्यात तुरुंगात गेले. धर्म सांगायला गावात शिरण्याचा हक्क मागत हिंदू उपदेशकांनी तुरुंग भरले, ही आठवण मराठवाड्यानं ठेवायला हवी. आज दुसऱ्या कुणाला गावात शिरू देऊ नका असं म्हणताना तर विशेष.

महाराष्ट्रातलं प्रचारकांच्या वर्दळीचं सर्वांत मोठं दार कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी बाबासाहेब आंबेडकरांच्या दादरच्या घराचं, राजगृहाचं नाव घेईन. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर त्यांच्या दारात रांग लागली. मुस्लिम पुढाऱ्यांच्या तारा आल्या, ख्रिस्ती बिशप भेटले, शिखांशी बोलणी झाली, १९३६ मध्ये ते अमृतसरला शीख परिषदेला गेले, त्याच वर्षी लोकनाथ नावाचे इटालियन बौद्ध भिक्खू त्यांना घरी येऊन भेटले. सगळे काही ना काही द्यायला आले होते. बाबासाहेबांनी सगळ्यांना बसवलं, सगळ्यांचं ऐकलं आणि एकवीस वर्षं घेतली. त्या वर्षांत वाचलं, लिहिलं, तपासलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली ती कुणी दारात आणून दिली म्हणून नव्हे. दारात आलेल्या धर्माशी कसं वागावं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर दीक्षा घेणाऱ्यांत भवानीशंकर नियोगी होते. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. मध्य प्रदेश सरकारनं १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे हे अध्यक्ष. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशातच होता. १९५६ च्या त्यांच्या अहवालात धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं अशी शिफारस होती. धर्मांतरावर कायदा हवा म्हणणारे आजही त्या अहवालाचा आधार घेतात. आणि अहवाल लिहिणाऱ्यानं त्याच वर्षी स्वतःचा धर्म बदलला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी, मला तर त्यात संगतीच दिसते. त्यांचा आक्षेप माणसाला फशी पाडून धर्म बदलायला लावण्यावर होता. विचार करून बदलण्यावर तो असता तर त्यांनी दीक्षा घेतली नसती.

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि शंभरात पंधराच्या आसपास बौद्ध. आमच्याकडं आषाढ ते अश्विन वर्षावासात बुद्धविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. बौद्धाचार्य वस्त्यांवर जातात, श्रामणेर शिबिरांसाठी नावं घेतात. चीवरातला तरुण श्रामणेर भिक्षापात्र घेऊन वस्तीतून जातो तेव्हा मागणाऱ्याची ती जुनी रीत पुन्हा दिसते. फरक एवढाच की ज्या दारात पूर्वी सहसा कुणी झोळी नेत नव्हतं त्याच दारातून आता पात्रात भात पडतो.

पुन्हा त्या न घेणाऱ्यांकडं येऊ. पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवाराची भक्तिफेरी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. नियम साधा आणि कडक. स्वतःच्या खर्चानं जायचं, शिदोरी आपली न्यायची, ज्याच्या दारात जायचं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. पैसा नाही, जेवण नाही. "जय योगेश्वर" म्हणून बसायचं, हृदयात राहणाऱ्या देवाबद्दल बोलायचं आणि निघायचं. हेतू स्वच्छ आहे. उपकार करायला आलो नाही आणि लुबाडायला तर नाहीच, हे त्यातून दाखवायचं असतं. शास्त्रीजींना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. पण न घेण्याचा अर्थ दारागणिक बदलतो. मराठा-माळ्याच्या घरी "काही नको" म्हटलं तर ती निःस्पृहता वाटते. बौद्ध किंवा मातंग घरी तेच शब्द त्या घरच्या म्हाताऱ्याच्या कानाला पन्नास वर्षांपूर्वीच्या विटाळासारखे लागू शकतात. नियम करणाऱ्याच्या मनात ते नसेल. ऐकणाऱ्याच्या मनात असतं.

तबलिगी जमातीचीही रीत अशीच, स्वतःच्या पैशानं फिरण्याची. मौलाना इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये हे काम सुरू केलं. तीन दिवस, चाळीस दिवस किंवा चार महिने घर सोडायचं, मशिदीत मुक्काम करायचा, आपला स्वयंपाक आपण करायचा आणि गश्तीला निघायचं. एक अमीर, गावातला एक रहबर, एकच बोलणारा, बाकीचे नजर खाली ठेवून मनात जप करणारे. दाराच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, म्हणजे घरातल्या बाया दिसणार नाहीत. जाणं फक्त मुसलमानांच्या घरी. परधर्मीयाला बोलवायला हे लोक येतच नाहीत, हे आमच्या गावच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि "जमात आली" एवढ्यावरून कुजबुज सुरू होते. बाजूला उभं राहण्याची ही रीत मात्र दारोदार जाणाऱ्या सगळ्यांनीच शिकावी अशी आहे.

जगात ज्यांची ओळखच दार वाजवण्यानं झाली ते यहोवाचे साक्षीदार. 'टेहळणी बुरूज' हे त्यांचं नियतकालिक मराठीतही निघतं. केरळातल्या त्यांच्या तीन लेकरांनी शाळेत राष्ट्रगीताला उभं राहूनही ते म्हटलं नाही म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती लेकरं परत घ्यायला लावली. कोरोनात मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत त्यांनी दारोदार जाणं बंद ठेवलं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ते आणि पांढऱ्या शर्टावर काळी पाटी लावलेले मॉर्मन पंथाचे तरुण हमखास भेटतात. माझा मावसभाऊ तिकडं आहे. तो सांगतो, इकडचा कुणीही दारावरून त्यांना हाकलत नाही. आपण पाणी विचारतो आणि मग ते तासभर बसतात, कारण त्या गल्लीत त्यांना दुसऱ्या कुणी पाणी विचारलेलं नसतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' या शब्दावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये जोरदार चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. ओडिशानं १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशनं १९६८ मध्ये बळजबरी, फसवणूक, आमिष यांविरुद्ध कायदे केले, पुढं इतर राज्यांनी केले. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दुसऱ्या टोकाला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. गाणं म्हणून, भविष्य सांगून मागणंही त्यात भीकच ठरतं. म्हणजे पुस्तक देणाऱ्याला घटनेचं संरक्षण आणि आमच्या वासुदेवाला पोलिसाची भीती.

मला स्वतःला राग आहे तो एकाच गोष्टीचा. माझी एक मावशी शेजारच्या तालुक्यात राहते. साखरेचा आजार, पंधरा वर्षांचा. नवरा गेल्यावर एकटी पडली, तेव्हा एक माणूस दर आठवड्याला तिच्या दारात येऊ लागला. प्रार्थना करायचा, डोक्यावर हात ठेवायचा, तासभर तिचं ऐकून घ्यायचा. आमच्यापैकी कुणी तेवढा वेळ तिच्याजवळ बसलं नव्हतं, हे आधी कबूल करतो. मग त्यानं सांगितलं, गोळ्या घेणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडणं. मावशीनं गोळ्या चुलीत टाकल्या. पायाला काटा लागला, जखम चिघळली, आणि आम्हाला कळलं तेव्हा नांदेडला नेऊन दोन बोटं काढावी लागली. तो माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या पंथाचा, हे मी लिहिणार नाही. ही अशीच गोष्ट मी तीन निरनिराळ्या धर्मांच्या नावानं ऐकली आहे.

जादुई उपायांनी आजार बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि बंदीच्या यादीत मधुमेह आहे. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. मावशीच्या गोळ्या दोन्हींच्या मधून निसटतात. तिच्या ओट्यावर जाहिरात नव्हती, सापही नव्हता. होता तो एक कनवाळू आवाज.

आणि आता गावोगाव दुसऱ्या फेऱ्याही निघतात. कुणाकडं कोण आलं होतं, काय बोललं, पुस्तक दिलं का, हे विचारत फिरणाऱ्या तरुणांच्या. तेही धर्माच्याच नावानं दारात येतात, आणि त्यांच्याशी बोलताना घरच्या माणसाचा आवाज बारीक होतो. तांड्यावर प्रार्थनेचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी हे हजर. मी त्यांना एकदा विचारलं होतं, याआधी या तांड्यावर कधी आला होतात? कुणाच्या घरी पाणी प्यायलात? उत्तर आलं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून पोट भरणारे. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात चार साधूंना बेदम मारहाण झाली. तिन्हीकडं कारण तेच, परका माणूस. राईनपाड्याच्या बातमीनंतर आमच्या गावातही कितीतरी महिने कफनीवाला दिसला की पोरं आत ओढली जायची. आमच्याकडं वर्षातून दोनदा येणारा एक म्हातारा गोसावी त्यानंतर आलाच नाही. आई अजून विचारते, मेला असेल का भ्यायला असेल?

परक्याचं भय एकदा गावात शिरलं की ते पंथ पाहून थांबत नाही. पुस्तकवाल्याला हुसकावायला उचललेली काठी गोसाव्याच्या पाठीतही बसते. म्हणून मला गावाच्या वेशीवर "प्रचारकांना बंदी" अशा पाट्या नकोत. माणसाच्या तोंडावर "नको" म्हणता यावं, आणि त्या "नको"चा मान राहावा, एवढं पुरे आहे. वहीत नाव-नंबर लिहून घेणं थांबावं. एकटी बाई, आजारी माणूस, शाळकरी पोर घरात असेल तर प्रचारकानं पायरीवरूनच परत फिरावं. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपला देव मोठा करू नये. आणि गोळ्यांना हात लावू नये.

ती दोन पोरं तीन आठवड्यांनी परत आली. हळद तोवर पॉलिश होऊन पोत्यांत भरली होती. पुस्तक वाचलं का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मला कुठं वाचता येतं बापू. पर ओलं होऊ दिलं नाही." पुस्तक तिनं फडक्यात बांधून हरिपाठाच्या पोथीशेजारी फळीवर ठेवलं होतं. मग तिनंच विचारलं, गाव कोणतं, माय-बाप आहेत का, शेती किती, लगीन झालं का. त्यातला एक जण परभणीकडचा निघाला. त्याची आई वारली होती, गेल्या वर्षीच. हे सांगताना त्यानं वही बंद केली.

आई आत गेली. या वेळी सूप आणलं नाही. तांब्या आणला. "भीक नका घेऊ, पानी तर प्या," असं म्हणून तिनं तो त्याच्या हातात दिला. पोरानं दुसऱ्याकडं पाहिलं, मग तांब्या वर धरून घटाघटा प्यायला. उरलेलं पाणी त्यानं नळाखालच्या बादलीत ओतलं, तांब्या विसळून ओट्यावर पालथा घातला आणि दोघं मोटारसायकलवर बसून सेनगावच्या रस्त्याला लागले.